दुर्बिणीसाठी घरी बनवायची इलेक्ट्रॉनिक उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री माझ्या दुर्बिणीला गुंडाळलेल्या पट्ट्या आणि साबणाच्या डबीतून निघालेल्या वायरी पाहिल्या की आजूबाजूचे लोक थांबतात आणि विचारायला लागतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझ्याकडे एक आठ इंची डॉबसोनियन (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आणि ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण आहे. मी पुण्यात राहतो, म्हणून हवामानाचे आणि अक्षांशाचे आकडे इकडचे आहेत.

हे सगळं विकत मिळतं, मग घरी का बनवायचं?

पैसे वाचतात हे खरं, पण ते दुय्यम कारण. विकतची वस्तू रात्री दोन वाजता बंद पडली की ती तशीच परत घरी येते. स्वतः डाख (सोल्डर) दिलेल्या पट्टीतली कुठली वायर सैल होते हे मला माहीत असतं, त्यामुळे ती पाच मिनिटांत चालू होते. दुसरं असं की बाजारातली पट्टी ठरावीक मापाची असते. आपली दुर्बीण, आपला फाईंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), आपली बॅटरी यांच्या मापाने शिवलेला कपडा वेगळाच बसतो.

सुरुवात कशापासून करू?

दवाच्या पट्टीपासून, म्हणजे काचेवर दव जमू नये म्हणून तिला किंचित कोमट ठेवणारी विजेची पट्टी. मोटर, गो-टू (दुर्बीण आपोआप हव्या त्या वस्तूकडे वळवणारी यंत्रणा), मोबाईलवर नकाशा हे सगळं नंतर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचिन्शान-अ‍ॅटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. पाऊस नुकताच सरलेला, जमीन ओली, आकाश धुतल्यासारखं. माझ्या भिंगाच्या दुर्बिणीला पट्टी होती, शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या दुर्बिणीला नव्हती. धूमकेतू मावळल्यावर आम्ही शनीकडे वळलो. थोड्याच वेळात त्याच्या दुर्बिणीत शनीभोवती, त्याच्या कड्यांच्याही बाहेर, प्रकाशाचं एक मऊ वलय दिसायला लागलं. आधी वाटलं, फोकस हलला. लाल दिवा तिरका धरून पाहिलं तेव्हा कळलं. भिंगावर मधोमध बारीक धुरकट पापुद्रा होता, कडेला काच अजून स्वच्छ होती, आणि तो पापुद्रा बघता बघता बाहेरच्या बाजूला पसरत होता. रुमालाने पुसायचा मोह होतो, पण तसं केलं की धुळीचे कण भिंगावर घासतात आणि काच गारच असल्याने दव पुन्हा येतंच. त्याची रात्र साडेआठला संपली. शंभर-दीडशे रुपयांच्या भागांनी ती वाचली असती.

हवा तर कोरडी वाटते, मग काच ओली का होते?

काच मोकळ्या आकाशाकडे तोंड करून असते. आकाश अतिशय थंड, त्यामुळे काच आपली उष्णता तिकडे टाकत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडते. तिचं तापमान दवबिंदूखाली गेलं की हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं. दवबिंदूचा ढोबळ हिशेब सोपा आहे: १०० मधून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा, पाचाने भागा, आलेली संख्या तापमानातून वजा करा. हवा २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १६ अंश. म्हणजे काच फक्त चार अंश गार झाली की खेळ खलास. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, काचेला आकाश जितकं कमी दिसेल तितकी ती उशिरा गार होते. म्हणून आधी योगा मॅट कापून दुर्बिणीच्या तोंडाला नळी करा. ती वस्तुभिंगाच्या व्यासाच्या निदान दीडपट लांब हवी. अनेक रात्री एवढ्यानेच निभावतं. दोन, काच तापवायची नाही, तिला दवबिंदूच्या एक-दोन अंश वर ठेवायचं आहे.

दवाची पट्टी नेमकी कशी बनवायची?

रेल्वेचे रूळ डोळ्यांसमोर आणा. दोन उघड्या तांब्याच्या तारा समांतर, आणि मध्ये स्लीपरसारखे एकेक रेझिस्टर. प्रत्येक रेझिस्टरचं एक टोक या तारेला, दुसरं त्या तारेला. मग दोन्ही तारांच्या एकाच बाजूच्या टोकांना १२ व्होल्ट द्यायचे.

माझ्या ८० मिलिमीटर दुर्बिणीच्या नळीचा घेर सुमारे ३१ सेंटिमीटर आहे. मी ४७० ओहमचे, अर्ध्या वॉटचे १५ रेझिस्टर घेतले आणि दर दोन सेंटिमीटरला एक लावला. हिशेब असा: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. १४४ भागिले ४७०, म्हणजे एका रेझिस्टरमध्ये ०.३ वॉट. अर्ध्या वॉटच्या रेझिस्टरला हे आरामात झेपतं. १५ मिळून साडेचार वॉट आणि सुमारे ०.३८ अँपिअर. ५० मिलिमीटरच्या फाईंडरला तेच सहा रेझिस्टर पुरतात, साधारण १.८ वॉट. नेत्रिकेलाही (डोळा लावायच्या भिंगालाही) तेवढेच. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेनच्या (आरसा आणि पुढे काच असलेल्या दुर्बिणीच्या) पुढच्या काचेला मात्र दहा वॉटच्या आसपास लागतात.

क्वार्टर वॉटचे रेझिस्टर स्वस्त म्हणून घेऊ नका. इथे ते क्षमतेबाहेर तापतात आणि कापडाला डाग पडतो. मी ते पाहिलं आहे.

डाख देऊन झाला की मल्टिमीटरने दोन तारांमधला रोध मोजा. १५ रेझिस्टर असतील तर ३१ ओहमच्या आसपास यायला हवा. ३३-३४ आला तर एखादा डाख कच्चा आहे. शून्याजवळ आला तर तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत, बॅटरी अजिबात जोडू नका. आकडा जमला की ही शिडी सुती नाडीच्या दोन थरांमध्ये घालून शिवून टाका. बाहेरच्या बाजूला पातळ फोम लावा, नाहीतर अर्धी उष्णता हवेत जाते. टोकांना वेल्क्रो. जिथून वायर बाहेर येते तिथे हीट श्रिंक स्लीव्ह चढवून वायरीची एक गाठ आतच ठेवा, म्हणजे अंधारात कुणाचा पाय अडकला तर ओढ डाखावर येत नाही. माझी पहिली पट्टी नेमकी तिथेच तुटली होती.

नायक्रोमची तारही चालते. ती लवचीक असते आणि पट्टी पातळ होते. पण तिला साधा डाख नीट धरत नाही, टोकं क्रिम्प करावी लागतात किंवा छोट्या स्क्रू कनेक्टरमध्ये आवळावी लागतात. नवशिक्याने रेझिस्टरच घ्यावेत.

पट्टी नेहमी काचेच्या अगदी मागे, नळीवर बांधा. दवाची नळी तिच्यावरून चढवायची.

पट्टी रात्रभर पूर्ण जोरात चालू ठेवायची का?

नको. बॅटरी संपते, आणि काच जास्त तापली की तिच्यापुढची हवा उकळल्यासारखी हलते. गुरूचे पट्टे पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसतात.

जोर कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम सर्किट लागतं, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून सरासरी कमी करायची. स्वतः करायचं असेल तर ट्रिपल फाईव्ह (५५५) टायमर, एक पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलायचा भाग), दोन डायोड आणि एक मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) एवढ्यात होतं. बारा व्होल्टवर चालणारा ५५५ असेल तर आयआरएफझेड ४४ एन ठीक चालतो. पाच व्होल्टच्या आर्डुइनोने (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) मॉसफेट चालवायचा असेल तर आयआरएलझेड ४४ एन घ्या. पहिला पाच व्होल्टमध्ये पूर्ण उघडत नाही आणि स्वतःच तापत बसतो. त्या एका अक्षराच्या फरकापायी अनेकांचे तासन्‌तास गेले आहेत.

हे जमत नसेल तर डीसी मोटरचा वेग बदलायचं तयार पीडब्ल्यूएम बोर्ड फिरवायची मूठ (नॉब) लावून मिळतं. ते आणून जोडा, काहीही कमीपणा नाही. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात मी मूठ साधारण अर्ध्यावर ठेवतो. कोकणात किंवा धरणाकाठी पाऊणपर्यंत न्यावी लागते.

तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावून हे आपोआप होईल का?

होईल. बीएमई २८० किंवा डीएचटी २२ हवा मोजतो, डीएस १८बी२० हा छोटा सेन्सर काचेच्या कडेला चिकटवतात, आर्डुइनो दवबिंदू काढतं आणि काच त्याच्या दोन अंश वर राहील एवढीच वीज सोडतं. डीएचटी ११ टाळा, त्याची दोन अंशांची चूक इथे सगळा हिशेब बिघडवते. पण ज्याला रात्रभर फोटो काढायचे आहेत त्यानेच यात पडावं. डोळ्याने बघणाऱ्याला मूठ पुरते.

माझी डॉबसोनियन आहे. मलाही पट्टी लागेल?

मुख्य आरसा नळीच्या तळाशी लपलेला असतो, त्यावर सहसा दव येत नाही. पहिला बळी जातो तो फाईंडरचा, मग नेत्रिकेचा (तिथे आपला श्वासही लागतो), आणि मग वरच्या तिरप्या आरशाचा. त्या आरशाच्या मागे ४७० ओहमचे तीन रेझिस्टर सिलिकॉनच्या थेंबाने बसवले की जवळपास एक वॉट मिळतो, तेवढा पुरे. घट्ट सुकणारा गोंद वापरू नका. काच आणि गोंद वेगवेगळे आकुंचन पावतात आणि आरसा ताणाने वाकतो. वायर पातळ घ्या आणि ती आरसा धरणाऱ्या पातीच्या मागे अगदी चिकटवून न्या, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत येत नाही.

डॉबसोनियनला खरी गरज पंख्याची असते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दिवसभर तापलेल्या घरातून आरसा बाहेर आणला की दोन तास त्याच्यावरून गरम हवेचा थर उठत राहतो आणि ग्रह थरथरतात. जुन्या कॉम्प्युटरमधला ८० मिलिमीटरचा पंखा आरशाच्या मागे लावा. स्क्रूने आवळू नका, चार रबरबँडवर टांगा. आणि १२ व्होल्टच्या पंख्याला सात-आठ व्होल्टच द्या. हवा पुरेशी हलते आणि थरथर तारेपर्यंत पोचत नाही. पंखा चालू-बंद करून एखादा तेजस्वी तारा मोठ्या वर्धनाने बघा, फरक तिथेच दिसतो.

बॅटरी कोणती आणि केवढी?

सगळ्या उपकरणांचा जीव यात आहे, म्हणून आधी कागदावर हिशेब मांडा. दोन पट्ट्या मिळून साडेसहा वॉट, अर्ध्या जोरावर सरासरी ०.३ अँपिअर. पंखा ०.१५. माउंटची (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची) मोटर अर्धा अँपिअर धरा. बेरीज जवळपास एक अँपिअर. सहा तास बसायचं तर सहा अँपिअर-तास लागले.

यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर पुरेल असं वाटतं, पण ती अर्ध्याखाली उतरवत राहिलात तर लवकर मरते. म्हणजे हाताशी साडेतीनच. मग एक तर मोठी घ्या, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. १२ अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी वजनाला फार हलकी पडते आणि शेवटपर्यंत तेरा व्होल्टच्या आसपास टिकून राहते. तिचा चार्जर वेगळा असतो. जुना लेड-अ‍ॅसिडचा चार्जर तिला लावू नका. आत बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) आहे याची खात्री दुकानातच करून घ्या.

आता तीन नियम, जे मी कुणालाही सवलत न देता सांगतो.

फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ. मोटरसायकलमध्ये असतो तसला पाच अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि त्याचं होल्डर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. सर्किट छोटं आहे म्हणून फ्यूज नको असं वाटतं, पण शॉर्ट झालं की छोट्या बॅटरीतूनही वायर वितळेल एवढा प्रवाह वाहतो, आणि हे सगळं वाळलेल्या गवतावर घडत असतं.

वायर जाड घ्या. २ मीटर लांबीच्या ०.७५ चौरस मिलिमीटर वायरीत ३ अँपिअरला जाता-येता ०.३ व्होल्ट पडतात. हेडफोनसारख्या बारीक वायरीत एक व्होल्टहून अधिक पडतात, आणि मग माउंट मध्येच रीसेट होतं. लोक मोटरला दोष देतात, दोष वायरीचा असतो.

उलट जोडणी होऊच शकणार नाही असा कनेक्टर ठेवा. जुन्नरच्या पुढे एका शेतावर मी अंधारात एका जुन्या अ‍ॅडॉप्टरची वायर वापरली. तिच्या पिनचा मधला भाग ऋण होता, माझ्या सर्किटला तो धन लागायचा. वास आला आणि फोकसरचा ड्रायव्हर (फोकसची मोटर चालवणारं सर्किट) गेला. मृग नक्षत्र डोक्यावर होतं, थंडी छान होती, आणि त्या रात्रीचे फोटो राहून गेले. त्यानंतर माझ्या प्रत्येक डबीत आत जाणाऱ्या वायरीवर १एन५८२२ हा शॉटकी डायोड असतो. तीन अँपिअरपर्यंत तो चालतो, अर्धा व्होल्ट खातो, पण उलट वीज आत जाऊ देत नाही. शिवाय सगळ्या वायरी एकाच प्रकारच्या एक्सटी ६० कनेक्टरवर आणल्या. ते चुकीच्या बाजूने बसतच नाही. गाडीतल्या लायटरचा प्लग मात्र टाळा, तो हलला की सुटतो.

घरातली २३० व्होल्टची लाईन एक्स्टेन्शनने ओल्या गवतावर आणू नका. चार्जिंग घरी, दिवसा.

पॉवर बँक चालेल का?

पाच व्होल्टच्या पट्टीला चालेल. रेझिस्टर बदलावे लागतील: ८२ ओहमचा एक रेझिस्टर पाच व्होल्टवर तेवढेच ०.३ वॉट देतो. एक अडचण लक्षात ठेवा. बऱ्याच पॉवर बँका फार कमी प्रवाह ओढला की आपोआप बंद होतात, त्यामुळे फक्त फाईंडरची पट्टी मंद ठेवून भागत नाही.

फोकसरला मोटर लावायची आहे. कोणती?

आधी कारण समजून घ्या. मोठ्या वर्धनाला फोकसरला हात लावला की प्रतिमा नाचते, आणि ती स्थिर होईपर्यंत फोकस बरोबर होता की नाही ते कळत नाही. एफ ५ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीला फोकसची अचूक पट्टी साठ-सत्तर मायक्रॉनचीच असते, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी. हाताने तिथे पोचता येतं, पण टिकवणं अवघड.

डोळ्याने बघणाऱ्यासाठी साधा उपाय: १० आरपीएमची डीसी गिअर मोटर, एक डीपीडीटी (मोटरची दिशा उलटवता येणारा) स्विच आणि ९ व्होल्टची बॅटरी. स्विच इकडे की नळी आत, तिकडे की बाहेर. एकही ओळ प्रोग्राम लिहावा लागत नाही. मला हे उपकरण फार आवडतं. म्हातारी माणसं आणि मुलं आकाशदर्शनाला आली की मी रिमोट त्यांच्या हातात देतो. शनीची कडी त्यांच्या स्वतःच्या डोळ्याला लखलखीत होईपर्यंत ते बटण दाबत राहतात. चष्म्याचा नंबर वेगळा असलेल्या माणसाला ‘दिसतंय का’ विचारत बसावं लागत नाही.

फोटोसाठी स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) हवी. २८बीवायजे-४८ ही छोटी पाच व्होल्टची मोटर यूएलएन २००३ ड्रायव्हरसह स्वस्तात मिळते. हाफ स्टेपमध्ये तिच्या एका फेऱ्याला सुमारे ४०९६ पावलं पडतात. मूठ एका फेऱ्यात वीसेक मिलिमीटर नळी सरकवत असेल तर एक पाऊल पाच मायक्रॉनचं झालं, गरजेपेक्षा बारीकच. ताकद बेताची आहे, त्यामुळे जड कॅमेरा असेल तर नेमा १७ ही मोठी स्टेपर आणि ए ४९८८ ड्रायव्हरकडे जा.

मोटरच्या गिअरमध्ये ढिलाई असते. दिशा बदलली की काही पावलं वाया जातात. म्हणून शेवटचा फोकस नेहमी एकाच दिशेने, शक्यतो वजन वर उचलत करा. मोटर थांबल्यावर तिची वीज बंद करायला प्रोग्राममध्ये सांगा, नाहीतर ती उगाच तापते. आणि फोकसरच्या अंगाला भोक पाडू नका. अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीचा क्लॅम्प करून फोकसरच्याच मूळ स्क्रूवर बसवा. दुर्बीण विकायची वेळ आली तर ती होती तशी परत मिळते.

लॅपटॉपवरून चालवायचं असेल तर विंडोजवर अ‍ॅसकॉम आणि लिनक्सवर इंडी या दोन्ही व्यवस्थांमध्ये आर्डुइनोचे फोकसर जोडता येतात.

रेड डॉट फाईंडर फार झगझगीत आहे. काही करता येईल?

नक्की. तो दिवसाच्या प्रकाशासाठी जुळवलेला असतो, अंधारात त्याच्या ठिपक्यात ताराच हरवतो. एलईडीच्या वायरीत ४.७ किलोओहम ते ४७ किलोओहमपर्यंत एकेक रेझिस्टर लावून बघा, जो आवडेल तो ठेवा. दहा मिनिटांचं काम.

त्याच बैठकीत लाल दिवा करा. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, एका पांढऱ्या झोताने ते सगळं पुसलं जातं. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला तरी त्यातून इतर रंग झिरपतात. दोन पेन्सिल सेल, ६६० नॅनोमीटरचा गडद लाल एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर, एवढाच दिवा पुरतो. नकाशा वाचता येईल एवढाच मंद ठेवा.

माझ्या डॉबसोनियनला गो-टू नाही. आकाशगंगा, तेजोमेघ शोधायला इलेक्ट्रॉनिक मदत मिळेल?

सगळ्यात स्वस्त मार्ग सुताराच्या दुकानातून जातो. चुंबक असलेला डिजिटल कोनमापक मिळतो, तो लोखंडी नळीवर चिकटवा. तो ०.१ अंशापर्यंत उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) दाखवतो. खालच्या फिरत्या पाटाला अंशांची छापील चकती लावा. मोबाईलवर स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या अ‍ॅपमध्ये हव्या त्या वस्तूचा या क्षणीचा उन्नतांश आणि दिगंश (उत्तरेपासून आडवा कोन) बघा, दुर्बीण तिथे न्या. चकती एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावर आधी जुळवून घ्यायची. लहान वर्धनाच्या नेत्रिकेत वस्तू बहुतेक वेळा सापडते.

पुढची पायरी म्हणजे एन्कोडर, अक्ष किती फिरला ते मोजणारा भाग. ६०० पल्सचे ऑप्टिकल एन्कोडर दोन्ही अक्षांवर लावले तर एका फेऱ्याला २४०० मोजण्या मिळतात, म्हणजे नऊ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अचूकता. एकास चार पुली लावली तर सव्वादोन कला. ईएसपी ३२ हे बोर्ड त्या मोजण्या वायफायवरून मोबाईलला पाठवतं आणि स्कायसफारी या अ‍ॅपच्या प्लस किंवा प्रो आवृत्तीत दुर्बीण कुठे रोखली आहे ते नकाशावर सरकताना दिसतं. एक काळजी: ईएसपी ३२ च्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात. हे एन्कोडर बहुधा ओपन कलेक्टर प्रकारचे असतात, त्यामुळे त्यांचे पुल-अप रेझिस्टर ३.३ व्होल्टला बांधा, पाचला नाही.

तरी ज्याने अजून स्वतःच्या नजरेने देवयानी आकाशगंगा शोधली नाही, त्याने एक हंगाम नकाशा आणि फाईंडरवर काढावा असं मला मनापासून वाटतं. वाट माहीत असली की यंत्राची चूकही लगेच कळते.

दुर्बीण नाही, फक्त कॅमेरा आहे. काही बनवता येईल?

बिजागरीचा ट्रॅकर बनवा, म्हणजे कॅमेऱ्याला ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवणारी फळी. दोन फळ्या, एक भक्कम बिजागरी, एक एम ६ चा आट्याचा रॉड आणि मोटर. एम ६ रॉडचा आटा एका फेऱ्याला एक मिलिमीटर सरकतो. रॉड बिजागरीपासून बरोबर २२८.६ मिलिमीटरवर ठेवला आणि मिनिटाला एक फेरा दिला तर वरची फळी ताऱ्यांच्या गतीने उघडते. २८बीवायजे-४८ मोटर हे काम नीट करते. सरळ रॉडमुळे हळूहळू चूक साठते, म्हणून पाच-सात मिनिटांनी रॉड मागे घेऊन पुन्हा सुरुवात करा.

बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. पुण्याला तो क्षितिजापासून साडेअठरा अंश वर, पणजीला साडेपंधरा, नागपूरला एकवीस. ध्रुवतारा आपल्याकडे इतका खाली असतो की धुरळ्यात, झाडामागे सहज लपतो. तेव्हा मोबाईलच्या कोनमापकाने उतार लावा आणि होकायंत्राने उत्तर. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, रुंद भिंगाला एवढं चालतं. होकायंत्र लोखंडी रॉडपासून दूर धरा.

पूर्ण गो-टू माउंट घरी बनवता येतं का?

येतं. ऑनस्टेप हा मुक्त प्रकल्प त्यासाठीच आहे, ईएसपी ३२ किंवा टीन्सी बोर्डवर चालतो. पण हे इथे वर लिहिलेलं सगळं एकदा करून झाल्यावरचं काम आहे.

सुटे भाग कुठे मिळतात?

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराला ‘४७० ओहम, हाफ वॉट, पन्नास नग’ असं नेमकं सांगा, लगेच पुडी हातात येते. जनरल पर्पज पीसीबी, बर्ग स्ट्रिप, डीसी जॅक, हीट श्रिंक हे शब्द तिथे असेच चालतात. लहान गावात असाल तर ऑनलाईन मागवा, आणि प्रत्येक भाग एक जास्तीचा मागवा.

मला डाख देता येत नाही, प्रोग्रामिंग तर दूरच.

डाख एका रविवारी येतो. आधी तार तापवायची, मग तारेवर डाख वितळवायचा. डाख सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून तारेवर ठेवला की तो कच्चा बसतो, वरून गोल थेंब दिसतो आणि आत हवा असते. चांगला डाख चकचकीत आणि कडांकडे उतरता दिसतो. प्रोग्रामिंगशिवाय पट्टी, पंखा, लाल दिवा, डीसी फोकसर ही चार उपकरणं होतात, आणि माझ्या रात्री बहुतेक त्यांच्यावरच जातात.

शक्य असेल तर जाणत्या माणसाशेजारी बसा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. दुर्बीण हाताळणारी माणसं तिथे भेटतात आणि विचारलेलं सांगतात.

पावसाळ्यात या उपकरणांचं काय करायचं?

जून ते सप्टेंबर हा आमचा बनवण्याचा हंगाम. वापरात नसलेली सर्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. नेत्रिका वेगळ्या डब्यात ठेवा, बुरशी त्यांच्यावरच आधी चढते. पीसीबीच्या डाखाच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला की गंज येत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा.

समूहाने आकाशदर्शन असताना काही पथ्यं?

तयार बोर्डांवरचे निळे आणि हिरवे एलईडी काळ्या इन्सुलेशन टेपने झाका, ते शेजाऱ्याच्या डोळ्याला लांबून टोचतात. वायरी तिपाईच्या पायाला बांधून खाली आणा, जमिनीवर मोकळ्या पसरू नका. लहान मुलं धावत असतात.

रात्री दुरुस्तीसाठी बरोबर काय असावं?

माझ्या थैलीत मल्टिमीटर, तीन आणि पाच अँपिअरचे चार-चार फ्यूज, छोटा स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायची कात्री, इन्सुलेशन टेप, दोन स्क्रू कनेक्टर, रबरबँड, एक जास्तीची फाईंडर पट्टी आणि जाड लोकरी मोजे असतात. मोजे पायासाठी नाहीत. पहाटे बॅटरी गार पडली की ती त्यांत घालून ठेवतो.